देश दोन, पाइपलाइन एक

९ जुलै २०११ रोजी दक्षिण सुदान सुदानपासून वेगळा झाला आणि त्याच्या राजधानीत, जुबात, नवा झेंडा चढला. आपले तेव्हाचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारी समारंभाला हजर होते. पाच दिवसांनी दक्षिण सुदान संयुक्त राष्ट्रांचा १९३वा सदस्य झाला. बातम्यांत येतो तो एवढाच भाग. तेलाच्या कामावर असलेल्या आम्हा लोकांपुढचे प्रश्न निराळे होते. १० जुलैला सकाळी विहिरीतून निघणारं तेल कुणाचं, ते ज्या नळीतून समुद्रापर्यंत जातं ती नळी कुणाची, आणि तिच्या भाड्याचं बिल कुणी कुणाच्या नावाने, कोणत्या दराने फाडायचं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं नकाशा बघून देता येत होती. तिसऱ्याचं उत्तर त्या दिवशी कुणाकडेच नव्हतं.

वेळ मिळाला नव्हता असं म्हणायला जागा नाही. उत्तर-दक्षिण शांतता करार जानेवारी २००५ चा. सार्वमत जानेवारी २०११ मध्ये झालं, ९८.८३ टक्के मतं वेगळं होण्याच्या बाजूने पडली, आणि त्यानंतरही सहा महिने हातात होते. तरीही सरहद्द, कर्ज, चलन, नागरिकत्व, अबियेईचा वादग्रस्त सीमाभाग आणि तेलवाहतुकीचं भाडं हे सगळं 'नंतर बघू' या खात्यात पडून राहिलं. उत्तरेला, म्हणजे सुदानला, वाटत होतं की नळी आपल्याकडे आहे, दक्षिणेला यावंच लागेल. दक्षिणेला वाटत होतं की तेल आपलं आहे, उत्तर किती दिवस उपाशी राहील? दोघांचंही गणित कागदावर बरोबर होतं, म्हणून तर एवढा घोळ झाला. आपल्याकडे २०१४ साली तेलंगण वेगळं झालं तेव्हा भांडणं कमी नव्हती. पण वर केंद्र सरकार होतं, संसदेचा कायदा होता, हैदराबाद दहा वर्षं सामायिक राजधानी राहील हे आधीच लिहून ठेवलेलं होतं. दोन सार्वभौम देशांच्या डोक्यावर असा कुणी बसलेला नसतो.

आधी नकाशा समजून घ्यायला हवा. अखंड सुदानच्या तेलउत्पादनातला सुमारे तीन-चतुर्थांश वाटा दक्षिणेकडे गेला. निर्यातीच्या दोन्ही नळ्या मात्र उत्तरेतून जाऊन तांबड्या समुद्रावर पोर्ट सुदानजवळच्या बशायर टर्मिनलला पोचतात. एक हेग्लिगहून निघते, २८ इंची, दीड हजार किलोमीटरच्या वर लांब. हिच्यातून जातं ते 'नाइल ब्लेंड' नावाचं तेल, जे २००३ पासून मंगळूरच्या रिफायनरीतही येत होतं, कारण हेग्लिगच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे तिथल्या तेलक्षेत्रात, ओएनजीसी विदेशचा २५ टक्के हिस्सा होता. दुसरी नळी दक्षिणेतल्या पालोचहून निघते, ३२ इंची, सुमारे १,४०० किलोमीटर. तिच्यातलं 'दार ब्लेंड' जड आणि आम्लाचं प्रमाण जास्त असलेलं, म्हणून बाजारात सवलतीने विकलं जाणारं.

नुसती नळीच उत्तरेत असती तरी एक वेळ चाललं असतं. पालोचच्या तेलावरची प्रक्रिया पूर्ण होते ती अल जबलैनला, म्हणजे सीमेच्या पलीकडे. दक्षिणेतल्याच युनिटी क्षेत्राचं तेल हेग्लिगच्या केंद्रात जायचं, तेही पलीकडेच. सुदानच्या राजधानीजवळची, खार्टूमची, रिफायनरी उत्तरेत आणि दक्षिणेत तेव्हा एकही नव्हती. त्यामुळे जो देश लाखो बॅरल कच्चं तेल उपसत होता, त्याच्या राजधानीतल्या जनरेटरना लागणारं डिझेल मोम्बासाहून युगांडामार्गे टँकरने निमुलेच्या नाक्यावर यायचं. निमुले ते जुबा हा १९२ किलोमीटरचा रस्ता पुरता डांबरी झाला तो २०१२ मध्ये. त्याआधीच्या पावसाळ्यात टँकर रुतला की जुबातला डिझेलचा भाव दुसऱ्या दिवशी वर.

आता भाडं. सुदानने मागितले बॅरलमागे ३६ डॉलरपर्यंत. दक्षिणेने देऊ केला जेमतेम एक डॉलर. एवढी तफावत म्हणजे ही घासाघीसच नव्हे, दोघं दोन वेगळ्या गोष्टींची किंमत सांगत होते. दक्षिण सांगत होती ते निव्वळ पारगमनाचं, म्हणजे हद्दीतून जाऊ देण्याचं, शुल्क. उत्तर त्यात गेलेल्या महसुलाची भरपाईही घालत होती. हे दोन हिशेब पहिल्याच दिवशी वेगळे मांडले असते तर पुढचं पुष्कळ टळलं असतं, असं माझं मत. शेवटी तोडगा निघाला तोही असाच वेगळा मांडून.

पैसे मिळेनात म्हणून २०११ च्या अखेरीस सुदानने तेलाच्या रूपात वसुली सुरू केली. आपलं ८१.५ कोटी डॉलरचं तेल चोरलं असा आरोप दक्षिणेने केला, आणि जानेवारी २०१२ मध्ये उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला. सरकारी महसुलाचा ९८ टक्के भाग ज्यातून येत होता तो नळ स्वतःच्या हाताने बंद करणं हे बाहेरून वेडेपणाचं वाटतं. पण आमच्या दृष्टीने अवघड भाग निर्णयाचा नव्हता, अंमलबजावणीचा होता.

हे तेल मेणचट आहे. तिशीच्या वरच्या तापमानालाही ते वाहायचं थांबतं, म्हणून ते गरम करून, मेण धरून राहू नये यासाठी रसायन मिसळून पाठवावं लागतं. वाहत राहिलं तोवर ठीक. थांबलं की नळीतल्या नळीत साकळतं, आणि मग त्याला पुन्हा हलवण्यासाठी जो दाब द्यावा लागतो तो नळीच्या सोसण्यापलीकडचा असू शकतो. तसं झालं तर नळी फुटते, किंवा तो तुकडा कापून काढावा लागतो. म्हणून 'बंद' म्हणजे व्हॉल्व फिरवून घरी जाणं नव्हे.

क्रम असा असतो. आधी कमी दाबाच्या, जास्त पाणी देणाऱ्या विहिरी बंद करायच्या, चांगल्या शेवटी, म्हणजे शेवटपर्यंत प्रवाह टिकतो. प्रत्येक विहीर बंद झाली की तिच्यापासून गोळाकेंद्रापर्यंतची छोटी नळी डिझेलने किंवा गरम पाण्याने धुऊन घ्यायची, कारण आधी साकळते ती हीच. मग मुख्य नळी. तेलाच्या मागून पाणी सोडायचं, आणि दोघांची सरमिसळ कमी व्हावी म्हणून मध्ये पिग घालायचा. पिग म्हणजे नळीच्या आतल्या मापाचा, प्रवाहाबरोबर पुढे सरकणारा रबरी-पॉलियुरेथेनचा दट्ट्या. पाणी नुसतं नदीचं चालत नाही. त्यातला प्राणवायू काढणारं, गंज रोखणारं आणि जीवाणू मारणारं अशी तीन रसायनं त्यात लागतात. ३२ इंची नळीत १,४०० किलोमीटरभर मावतं सुमारे ४२ ते ४३ लाख बॅरल. दिवसाला अडीच लाखांच्या वेगाने ढकललं तरी सतरा दिवस. तेवढं पाणी, तेवढी रसायनं आणि वाटेतल्या प्रत्येक पंप स्टेशनचं इंधन आधी हाताशी लागतं. शिवाय पलीकडच्या टोकाला येणारं तेलकट पाणी साठवायला टाक्या रिकाम्या लागतात. आणि ती सगळी स्टेशनं, त्या टाक्या दुसऱ्या देशात! भांडण ऐन भरात असताना दोन्हीकडच्या कंट्रोल रूमना एकमेकींशी तासातासाला बोलावं लागतं.

हेग्लिगची नळी पूर्ण थांबली नाही, कारण सुदानचं स्वतःचं तेल तिच्यातून चालू होतं. दक्षिणेकडून तिला मिळणारी जोडणी तेवढी धुवावी लागली. पालोचची मात्र सगळी दक्षिणेच्या तेलावर, म्हणून ती पाण्याने भरून ठेवणं भाग पडलं.

पाणी भरून ठेवलं म्हणजे नळी सुरक्षित, हा समज मंत्रालयांत पक्का असतो. वर्षभर उभ्या राहिलेल्या पाण्यात रसायनाचा जोर ओसरतो. नळीच्या उताराच्या खोलगट जागी जीवाणू वाढतात आणि तिथेच आतून खड्डे पडतात. पंपांची सीलं सुकतात. विहिरीत उतरवलेले विजेचे पंप काही महिन्यांनी चालू करायला गेलं की काही उठतच नाहीत, आणि ते बाहेर काढायला रिग लागते. रिग तोवर देश सोडून गेलेली असते. काही विहिरींत पाण्याची पातळी चढून बसते आणि आधी जेवढं तेल निघायचं तेवढं पुन्हा कधीच निघत नाही. बंद काळात जमिनीत राहिलेलं तेल पुढे तसंच्या तसं मिळेल असं धरून जो अंदाजपत्रक करतो, तो फसतो.

चलनाचं प्रकरण यामानाने झटपट उरकलं, पण त्याचे काटे खूप दिवस टोचत राहिले. नऊ दिवसांत, १८ जुलै २०११ ला, दक्षिण सुदानचा पाउंड चालू झाला. दक्षिणेच्या लढ्याचे दिवंगत नेते जॉन गरांग यांचं चित्र असलेल्या नोटा, जुन्या सुदानी पाउंडाशी एकास एक दर, बदलून घ्यायला सुमारे दीड महिन्याची मुदत. लगेच आठवडाभरात उत्तरेनेही स्वतःच्या नोटा बदलल्या. घाईचं कारण साधं आहे. सामायिक चलन असताना जो दुसऱ्यानंतर बदलतो, त्याच्या गळ्यात पहिल्याकडच्या रद्द नोटा येऊन पडतात. पलीकडचे लोक पोत्यात भरून त्या आणतात आणि अजून चालणाऱ्या बाजारात माल उचलतात. दक्षिणेत गोळा झालेल्या जुन्या नोटा उत्तरेने परत घेतल्या नाहीत, म्हणजे त्यांच्या मोलाचा फटका नव्या केंद्रीय बँकेला बसला.

हिशेबाच्या टेबलावर याचा अर्थ काय? सगळ्या चालू करारांत नुसतं 'पाउंड' लिहिलेलं, कोणता ते नाही. अनामत रक्कम जुन्या पाउंडात खार्टूमच्या बँकेत, काम जुबात. पुरवठादार उत्तरेतला असेल तर म्हणणार मला माझ्या देशाचा द्या, दक्षिणेतला असेल तर त्याच्या. एकास एक होते तोवर कुणी हट्ट धरला नाही. बाजारात दोन्हींचे दर फाटल्यावर प्रत्येक जुनं बिल वादाचं झालं. ज्यांनी १८ जुलैच्या आधी प्रत्येक करारात डॉलरची रक्कम आणि दराची तारीख लिहून घेतली ते सुटले. किरकोळ व्यवहारात आणखी एक गंमत. सुरुवातीला सगळ्यात लहान नोट एक पाउंडाची, पियास्टरच्या (पाउंडाचा शंभरावा भाग) नोटा नंतर आल्या. त्यामुळे पाउणला मिळणारी वस्तू निमूटपणे एक पाउंडाची झाली आणि तशीच राहिली.

नव्या पाउंडाचा अधिकृत दर पुढे डॉलरला २.९५ असा बांधून ठेवला गेला. तेल बंद, डॉलरची आवक बंद, आणि दर मात्र तोच. अशा वेळी अधिकृत दराने डॉलर मिळण्याचा कागद हाच धंदा होतो. माल आणायच्या नावाने बँकेकडून लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैसे देण्याची हमी, काढायचं, डॉलर उचलायचे, बाजारात विकायचे, माल आणायचाच नाही. १५ डिसेंबर २०१५ ला दर मोकळा सोडला तेव्हा तो एका झटक्यात साडेअठराच्या घरात गेला. पाउंडात पगार घेणाऱ्या स्थानिक कामगाराच्या हातात त्या दिवशी डॉलरच्या हिशेबाने सहावा हिस्सा उरला.

डॉलरचाच आणखी एक फास होता. अमेरिकेचे निर्बंध तेव्हा १९९७ पासून सुदानवर होते, दक्षिण सुदानवर नव्हते. पण दक्षिणेचं तेल सुदानमधून जाणार, भाडं सुदानला मिळणार. मग निर्बंध मोडले की नाही? अमेरिकी अर्थखात्याने डिसेंबर २०११ मध्ये सर्वसाधारण परवाने काढून वाट मोकळी केली. परदेशी बँकांच्या संगणकांना ते कळायला वेळ लागतो. नावात 'सुदान' दिसलं की रक्कम अडकवून ठेवतात. नव्या देशाला दोन अक्षरी 'एसएस' हा संकेत ऑगस्ट २०११ मध्ये मिळाला, पण फॉर्मवरच्या यादीत तो यायला महिने जातात. तोवर क्लार्क जुना 'एसडी' टाकतो आणि पैसे निर्बंधांच्या चाळणीत जाऊन बसतात. प्रत्येक रकमेबरोबर माल कुठून कुठे चालला याचा कागद, परवान्याची प्रत आणि लाभार्थ्याचा जुबातला पत्ता आधीच जोडून पाठवायचा, एवढा एकच उपाय चालतो.

फोनचा नवा क्रमांक +२११ त्याच जुलैत मंजूर झाला. त्याआधी जुबात कुणाकडे सुदानचा +२४९, तर एका कंपनीचे ग्राहक युगांडाच्या +२५६ वर! खार्टूमला लावलेला कॉल आता परदेशी दराने. वरच्या थरातलं हवाई नियंत्रण त्यानंतरही कितीतरी वर्षं खार्टूमहूनच चाललं, कारण रडार आणि प्रशिक्षित माणसं दोन्ही तिकडे.

तेलाचे करार नव्याने करावे लागले. जुने करार खार्टूमच्या सरकारशी झालेले. चिनी सीएनपीसी, मलेशियाची पेट्रोनास आणि ओएनजीसी विदेश यांनी १३ जानेवारी २०१२ ला जुबाशी संक्रमण करार केले, आणि आठवड्याभरात विहिरी बंद करण्याचा हुकूम आला. सुदानच्या सरकारी कंपनीचा दक्षिणेतला हिस्सा दक्षिणेच्या सरकारी तेल कंपनीकडे, नाइलपेटकडे, वळवला गेला होता. एकच ब्लॉक सीमेने कापला गेल्यावर गोदामातले सुटे भाग, विहिरींच्या नोंदी, भूकंपीय चाचण्यांच्या टेपा यांची वाटणी करावी लागते. सुटे भाग मोजता येतात. नोंदी ज्याच्या कपाटात आहेत त्याच्याकडेच राहतात. वेगळं व्हायची तारीख ठरली की आधी प्रती काढून घ्याव्यात. नंतर त्यांच्यासाठी पत्रव्यवहार करावा लागतो, आणि पत्राला उत्तर येत नाही.

माणसांची वाटणी सगळ्यात वाईट झाली. दक्षिणेच्या २०११ च्या कायद्याप्रमाणे आईवडील, आजीआजोबा किंवा पणजी-पणजोबांपैकी कुणी तिथे जन्मलेलं असेल, किंवा तुम्ही तिथल्या मूळ जमातीतले असाल, तर तुम्ही नागरिक. उत्तरेने ऑगस्टमध्ये आपला कायदा बदलला: ज्याला दक्षिणेचं नागरिकत्व कायद्याने किंवा वस्तुतः मिळतं त्याचं सुदानचं गेलं. दोन्ही कलमं एकत्र वाचा. खार्टूममध्ये जन्मलेला, दक्षिण कधी न पाहिलेला माणूस पणजोबामुळे एका देशातून निघतो, आणि दुसऱ्याचा कागद हातात पडेपर्यंत कुठलाच राहत नाही. त्यांना कागदपत्रं नीट करायला मुदत मिळाली ८ एप्रिल २०१२ पर्यंत, पण ती कागदं देणारी दक्षिणेची यंत्रणा तेव्हा नुकती उभी राहत होती. जन्मदाखला बहुतेकांकडे नाहीच, म्हणून नातेवाईक आणि जमातीच्या मुखियाची साक्ष लागायची, आणि मुखिया राहतो हजार किलोमीटरवर. उत्तरेच्या सरकारी नोकरीतले दक्षिणी लोक कमी करण्यात आले. नाइलकाठी कोस्तीच्या बंदरावर हजारो लोक महिनोन्महिने बोटींची वाट बघत अडकले. अखेर मे-जून २०१२ मध्ये सुमारे १२,००० जणांना विमानांनी जुबाला आणावं लागलं. विमानात पलंग, कपाटं, शिवणयंत्रं येत नाहीत. ती मागे राहिली.

आमच्या क्षेत्रावर उलटं झालं. दक्षिणेतल्या विहिरींवर वर्षानुवर्षं काम करणारे उत्तरेतले तंत्रज्ञ परदेशी ठरले. त्यांना व्हिसा, कामाचा परवाना, आणि सीमेवरच्या चकमकींच्या दिवसांत संशयाच्या नजरा. एप्रिल २०१२ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने हेग्लिग घेतलं आणि दहा दिवसांत सोडलं, त्यानंतर तर बरेच जण परतलेच नाहीत. खार्टूम-जुबा विमानही त्याच महिन्यापासून आंतरराष्ट्रीय धरलं जाऊ लागलं.

कर्जाचा निकाल तेवढा सरळ लागला. सगळं बाहेरचं कर्ज, सुमारे ४० अब्ज डॉलर, सुदानने ठेवायचं, बदल्यात दोघांनी मिळून कर्जमाफी मिळवायची. दक्षिण कोऱ्या पाटीने सुरू झाली आणि मग तेलावर उचल घेऊन तिने ती पाटी स्वतःच भरली.

२७ सप्टेंबर २०१२ ला अदिस अबाबात करार झाले. पारगमन १ डॉलर, प्रक्रिया १.६०, नळीचं भाडं हेग्लिगच्या बाजूला ८.४० आणि पालोचच्या बाजूला ६.५०. म्हणजे एकूण ११ आणि ९.१० डॉलर. शिवाय उत्तरेच्या नुकसानीपोटी ३.०२८ अब्ज डॉलर, बॅरलमागे १५ डॉलर या हप्त्याने. उत्पादन पुन्हा सुरू व्हायला एप्रिल २०१३ उजाडला, कारण आधी सीमेच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा किलोमीटरचा सैन्यविरहित पट्टा हवा होता.

कलमात एक उणीव होती आणि ती तेव्हा खटकायला हवी होती. रक्कम डॉलरमध्ये पक्की, तेलाच्या भावाशी बांधलेली नाही. भाव शंभरच्या वर असताना पालोचच्या बॅरलमागे २४.१० डॉलर (९.१० अधिक १५) द्यायला कुणाला जड वाटलं नाही. २०१६ च्या सुरुवातीला दार ब्लेंड विशीत आलं आणि काही जहाजांमागे दक्षिणेच्या हाती जवळपास शून्य उरू लागलं. त्या वर्षी भावाप्रमाणे बदलणारा दर मान्य करून घ्यावा लागला. तीन अब्ज भागिले पंधरा म्हणजे वीस कोटी बॅरल. डिसेंबर २०१३ पासूनच्या दक्षिणेतल्या यादवीत युनिटीच्या विहिरी बंद पडल्या, उत्पादन घटलं, आणि साडेतीन वर्षांत फिटायची रक्कम कितीतरी लांबली. भाव, उत्पादन आणि मुदत हे तिन्ही बदलणार हे धरून कलम लिहायचं असतं.

केनियातल्या लामू बंदरापर्यंत स्वतंत्र नळी न्यायची घोषणा मार्च २०१२ मध्येच झाली होती. ती नळी अजून नाही. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये लढाईच्या पट्ट्यातल्या पंप स्टेशनांना डिझेल पोचेना, तेल गरम राहिलं नाही, साकळलं, आणि पालोचची ३२ इंची नळी फुटली. मार्चमध्ये सुदानने फोर्स मेजर, म्हणजे आवाक्याबाहेरच्या कारणाने करार पाळता येत नाही, असं जाहीर केलं. तो फोर्स मेजर उठला जानेवारी २०२५ मध्ये. मधले दहा महिने जुबातले सरकारी पगार थकत गेले आणि दक्षिणेतल्या बहुतेक विहिरींना पुन्हा तोच क्रम लागू झाला: कमी दाबाच्या आधी बंद, चांगल्या शेवटी.